दुरुस्तीच्या वेल्डिंगला स्वतंत्र व्यवसायाचा दर्जा द्यावा

प्रति,
माननीय मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : अवजड यंत्रांच्या झिजलेल्या पोलादी भागांची वेल्डिंगने दुरुस्ती करण्याचे प्रशिक्षण छत्रपती संभाजीनगर येथे सुरू करण्याबाबत.

माननीय मंत्रिमहोदय,

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील कारखाने, शेजारच्या जालन्यातील रोलिंग मिल आणि पैठण-गंगापूरपासून अंबड-घनसावंगीपर्यंतच्या ऊसपट्ट्यातील साखर कारखाने यांत जी अवजड यंत्रे दिवसरात्र फिरतात, त्यांचे पोलाद रोज थोडे थोडे झिजत असते, आणि ते वेल्डिंगने भरून पुन्हा मूळ मापावर आणण्याचे काम या परिसरातील कारागीर पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत. नवे यंत्र घडविणाऱ्यासाठी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, टूल रूम आहे, प्रमाणके आणि परीक्षा आहेत. झिजलेले यंत्र पुन्हा उभे करणाऱ्यासाठी मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या व्यवसायांच्या यादीत वेगळी जागा नाही, आणि हे काम म्हणजे साध्या वेल्डिंगचाच एक किरकोळ प्रकार आहे असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही, त्याची किंमत कारखाने, शेतकरी आणि कारागीर असे तिघेही मोजतात, आणि ती चूक सुधारण्यासाठी लागणारी साधने बहुतांशी या शहरात आधीच उपलब्ध आहेत, हे आपल्या विभागापुढे मांडणे हा या पत्राचा हेतू आहे.

यंत्राचा भाग झिजतो तो एकाच कारणाने नव्हे. उसाबरोबर आलेली माती मिलच्या रोलरचे दाते घासते तेव्हा ती घर्षणाची झीज असते. खडी क्रशरच्या जबड्यात बेसॉल्टचा दगड आदळतो तेव्हा ती आघाताची झीज असते. शाफ्ट आपल्या बैठकीत किंचित सैल होऊन फिरू लागतो तेव्हा धातू धातूला खातो. आणि उसाच्या आम्लधर्मी रसात बुडालेल्या पृष्ठभागावर या सर्वांच्या जोडीला गंजही काम करीत असतो. झिजलेल्या जागी वेल्डिंगने धातूचे थर चढवून मूळ माप परत मिळविण्याला भराव किंवा बिल्ड-अप म्हणतात, आणि त्या भरावावर किंवा मूळ भागावर झिजेला दाद न देणारा अतिकठीण थर देण्याला हार्डफेसिंग म्हणतात. या दोन्ही कामांत कारागिराला आधी झिजेचे कारण ओळखावे लागते, मग मूळ पोलादाचा प्रकार ओळखावा लागतो आणि त्यानंतरच हातात कोणता रॉड घ्यायचा हे ठरवावे लागते. नव्या फॅब्रिकेशनमध्ये हे तिन्ही निर्णय नकाशा काढणाऱ्याने आधीच घेतलेले असतात, दुरुस्तीत मात्र ते घेण्याची जबाबदारी वेल्डिंगचा होल्डर धरणाऱ्यावर येऊन पडते.

वेल्डिंगच्या इतिहासातही दुरुस्तीला मानाचे स्थान आहे. आज जगभर वापरला जाणारा लेपयुक्त वेल्डिंग रॉड ज्यांच्या प्रयत्नांतून आकाराला आला, त्या स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी १९०४ मध्ये गोथेनबर्ग येथे जी कंपनी स्थापन केली, तिच्यापुढचा मूळ प्रश्न जहाजांची बाष्पके आणि त्यांचे रिव्हेट मारलेले सांधे दुरुस्त करण्याचाच होता. उघड्या तारेने केलेल्या सांध्यात हवेतील प्राणवायू व नत्रवायू शिरून धातू ठिसूळ होतो, हे त्या दुरुस्त्यांत दिसून आले आणि त्यावर उपाय म्हणून तारेला खनिजांचा लेप देण्याची कल्पना पुढे आली. म्हणजे ज्या तंत्रावर आज पूल, इमारती आणि टाक्या उभ्या राहतात, ते तंत्र मुळात जुने लोखंड वाचविण्याच्या खटपटीतून वाढले.

हे काम साध्या वेल्डिंगपेक्षा अवघड का, याचे उत्तर पोलादातील कार्बनमध्ये आहे. ज्या साध्या बांधकामी पोलादावर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील विद्यार्थी हात बसवितो आणि ज्याला बाजारात एमएस म्हणतात, त्यात कार्बन साधारण ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. यंत्रांचे शाफ्ट, गिअर आणि पिना ज्या ईएन-८ किंवा ईएन-१९ या पोलादांतून घडवितात, त्यांत तो ०.४ टक्क्यांच्या घरात जातो आणि ईएन-१९ मध्ये त्याशिवाय क्रोमियम व मॉलिब्डेनमही असते. असे पोलाद वेल्डिंगच्या उष्णतेने लाल होऊन लगेच थंड पडले, तर सांध्याशेजारच्या काही मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्यात मार्टेन्साइट नावाची अत्यंत कठीण पण काचेसारखी ठिसूळ रचना तयार होते. या पट्ट्याला उष्णताबाधित पट्टा म्हणतात, आणि दुरुस्त केलेला भाग पुढे तुटतो तेव्हा तडा बहुधा भरलेल्या धातूत न उमटता याच पट्ट्यात उमटतो. रॉडच्या लेपातील दमटपणामुळे किंवा भागावर राहिलेल्या तेल-ग्रीसमुळे निर्माण झालेला हायड्रोजन त्या ठिसूळ पट्ट्यात अडकला, तर तडा वेल्डिंग संपल्यावर काही तासांनी, कधी दोन दिवसांनीही पडू शकतो. म्हणून संध्याकाळी तपासून निर्दोष ठरवलेला शाफ्ट तिसऱ्या दिवशी सदोष निघणे हा नशिबाचा भाग नसतो.

या धोक्याचे मोजमाप आधी करता येते. कार्बनच्या टक्केवारीत मँगनीजचा सहावा भाग, क्रोमियम, मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम यांच्या बेरजेचा पाचवा भाग आणि निकेल व तांबे यांच्या बेरजेचा पंधरावा भाग मिळवला की जो आकडा येतो, त्याला कार्बन-तुल्यांक म्हणतात. साध्या बांधकामी पोलादाचा तुल्यांक बहुधा ०.४ च्या आत राहतो, ईएन-८ चा ०.५ च्या पुढे जातो आणि ईएन-१९ चा ०.८ च्या जवळ पोचतो. आणि हा आकडा जसा वाढतो, तसे वेल्डिंगच्या आधी संपूर्ण भाग तापवून घेणे, म्हणजे प्रीहीटिंग, अनिवार्य होत जाते. तापवलेला भाग हळू थंड होतो, त्यामुळे मार्टेन्साइट कमी बनते आणि हायड्रोजनला बाहेर पडायला वेळ मिळतो. चार पदांच्या बेरजेचा हा हिशेब दहावी झालेल्या मुलाला सहज जमण्यासारखा आहे, पण तो हिशेब शिकवला जात नाही तोवर प्रत्येक कारागिराला तो तुटलेल्या शाफ्टकडूनच शिकावा लागतो.

मिनिटाला १,४५० फेरे घेणाऱ्या पंख्याच्या ईएन-१९ शाफ्टवरील बेअरिंगची बैठक एक मिलिमीटरने झिजली आहे असे समजले, तर योग्य दुरुस्तीचा क्रम असा असतो. प्रथम मायक्रोमीटरने झीज मोजून भाग तेल-ग्रीसपासून पूर्ण स्वच्छ केला जातो आणि त्यावर रंगीत भेदक द्रव लावून, पुसून, पांढरी पावडर मारून आधीच पडलेले बारीक तडे शोधले जातात. नंतर लेथवर बैठकीचा थकलेला वरचा थर उतरवला जातो आणि कडांचे धारदार कोपरे गोल केले जातात. शाफ्ट हळूहळू फिरवत गॅसच्या ज्योतीने सर्व बाजूंनी सारखा सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो, आणि ठरावीक तापमानाला वितळणारा खडू अंगावर ओढून ते तापमान पडताळले जाते. कमी हायड्रोजनचे रॉड त्याआधीच भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम डब्यात ठेवलेले असतात, कारण पावसाळी हवेत उघडा पडलेला रॉड ओलावा शोषतो. धातूची पहिली रेघ शाफ्टच्या लांबीने ओढली की दुसरी तिच्या बरोबर विरुद्ध बाजूला ओढली जाते, कारण सर्व रेघा एकाच बाजूने भरल्या तर थंड होताना आकसणारा धातू शाफ्ट वाकवतो. भरून झाल्यावर शाफ्ट उष्णतारोधक लोकरीत गुंडाळून किंवा कोरड्या चुन्यात पुरून सावकाश निववला जातो, दोन दिवसांनी पुन्हा भेदक द्रवाने तपासला जातो, आणि मगच लेथवर अंतिम मापाला उतरतो.

या क्रमातील एकही पायरी दिखाऊ नाही. फिरत्या शाफ्टच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू एका फेऱ्यात एकदा ताणला आणि एकदा दाबला जातो, आणि १,४५० फेऱ्यांच्या हिशेबाने असा उलटसुलट भार एका दिवसात २० लाखांहून अधिक वेळा येतो. त्यामुळे डोळ्याला न दिसणारा तडा किंवा खांद्याशी राहिलेला एक धारदार कोपरा पुरेसा होतो, आणि एरवी भक्कम दिसणारा शाफ्ट एखाद्या पाळीत अचानक दुभंगतो. अशा तुटण्याला धातूचा थकवा म्हणतात. जाणता कारागीर त्यामुळेच काही भागांना वेल्डिंग करायला नकारही देतो : जेथे मूळ धातू न वितळवता फवाऱ्याने थर चढविण्याची मेटल स्प्रे पद्धत किंवा घट्ट बसवलेली स्लीव्ह पुरेशी असते, जेथे चावीच्या खाचेतून तडा आत गेलेला असतो, किंवा जेथे क्रेनच्या हुकासारख्या भागावर माणसांचे प्राण टांगलेले असतात, तेथे वेल्डिंग न करणे हाच योग्य निर्णय असतो, आणि तो घेता येणे हा या कौशल्याचाच भाग आहे.

एका पोलादाचा नियम दुसऱ्या पोलादाला लावला तर काय होते, हे खडी क्रशरच्या जबड्याच्या प्लेटवर दिसते. मराठवाड्याचा काळा बेसॉल्ट फोडणाऱ्या या प्लेट ज्या मँगनीज पोलादातून ओततात, त्याचा शोध इंग्लंडमधील शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये लावला. त्यात साधारण १२ ते १४ टक्के मँगनीज व सुमारे १.२ टक्के कार्बन असतो, ते मुळात फारसे कठीण नसते, पण दगडाचे घाव बसतील तसे त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो आणि २०० ब्रिनेलच्या आसपासचे काठिण्य ५०० पर्यंत चढू शकते. हे पोलाद तापवून वेल्डिंग केले, तर त्यातील कार्बन कणांच्या सीमांवर कार्बाइडच्या रूपाने साचतो, त्याचे चिवटपण नाहीसे होते आणि प्लेट पहिल्याच मोठ्या दगडाखाली फुटते; म्हणून ते थंड ठेवावे लागते, छोट्या रेघा ओढून थांबावे लागते आणि सांध्याशेजारी तापमान सुमारे २६० अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते. ईएन-१९ ला उष्णता वाचवते आणि मँगनीज पोलादाला तीच उष्णता मारते. दोन्ही भाग एकाच दुकानात, एकाच दिवशी येऊ शकतात आणि गंज चढल्यावर दिसायला सारखेच असतात. फरक ओळखण्याची सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे मँगनीज पोलाद लोहचुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. पाच रुपयांच्या चुंबकाने टळणारे नुकसान ते चुंबक लावायला न शिकवल्यामुळे होत असेल, तर दोष त्या कारागिराचा म्हणता येणार नाही.

हार्डफेसिंगच्या कठीण थरामागचा विचारही समजून घेण्यासारखा आहे. मातीतील वाळूचा कण मुख्यतः क्वार्ट्‌झचा असतो आणि विकर्स या मापाने त्याचे काठिण्य सुमारे १,००० ते १,१०० भरते. पाणी देऊन कडक केलेले पोलाद यापेक्षा मऊ असल्याने वाळू त्याला ओरखडत राहते. क्रोमियम आणि कार्बन भरपूर असलेल्या रॉडच्या थरात क्रोमियम कार्बाइडचे जे कण तयार होतात, त्यांचे काठिण्य १,५०० च्या आसपास असते, आणि म्हणून उसाचे तुकडे करणारे चाकू व ऊस कुटून मोकळा करणाऱ्या फायबरायझरचे हातोडे या थराने कितीतरी अधिक टिकतात. या थरावर आडव्या बारीक भेगा पडतात. त्या थंड होतानाचा ताण मोकळा करणाऱ्या भेगा असतात आणि चाकू-हातोड्यांच्या बाबतीत त्यांना घाबरण्याचे कारण नसते. मात्र हाच थर सरळ उच्च-कार्बन पोलादावर दिला, तर त्या भेगा मूळ भागात उतरू शकतात, म्हणून मध्ये ऑस्टेनाइटी स्टेनलेस पोलादाचा चिवट थर, ज्याला बफर म्हणतात, द्यावा लागतो. कोणती भेग चालते आणि कोणती चालत नाही, हे सांगणारा शिक्षक आज या कारागिराला संस्थेत भेटत नाही.

या सर्व ज्ञानाची सर्वांत कठोर परीक्षा साखर कारखान्यात होते. प्रवरेच्या काठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने व धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने उभ्या राहिलेल्या महाराष्ट्रातील पहिल्या सहकारी साखर कारखान्याने १९५० मध्ये गाळप सुरू केले, आणि त्याच वाटेने, १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या पाण्यावर मराठवाड्याच्या गोदाकाठीही ऊस आणि कारखाने वाढले. उसातून रस काढणाऱ्या मिलमध्ये बिडाचे कवच चढवलेले, खाचा पाडलेले जड रोलर एकमेकांवर दाबाने फिरतात, आणि त्यांच्या दात्यांची धार गुळगुळीत झाली की ऊस पकडला न जाता घसरू लागतो, मिल तुंबते आणि रस चिपाडातच राहतो. यावर उपाय म्हणून दात्यांवर वेल्डिंगचे खरखरीत थेंब चढवतात, त्याला रोलर आर्किंग म्हणतात. आणि हंगामात गाळप थांबवणे परवडत नसल्याने हे काम बहुधा मिल चालू असताना, रोलर फिरत असताना आणि त्यावरून रस वाहत असताना केले जाते.

त्या जागी उभा असलेला वेल्डर पायाखालच्या ओल्या जाळीवर तोल सांभाळतो, मास्कच्या काळ्या काचेतून मिनिटाला मोजकेच फेरे घेणाऱ्या रोलरचा एकेक दाता समोर येताना पाहतो, आणि दाता समोरून सरकण्याच्या आत त्यावर थेंब बसवून हात मागे घेतो. थेंब नीट चिकटला नाही तर तो पुढच्या फेऱ्यात चिपाडाबरोबर निघून जातो. एका हातात विजेचा होल्डर आणि अंगावर रसाचे शिंतोडे, ही स्थिती विजेच्या धक्क्याच्या दृष्टीने किती धोक्याची आहे हे सांगण्याची गरज नाही. वेल्डिंग बंद असताना होल्डरवरील विजेचा दाब आपोआप उतरवणारे उपकरण, कोरडे हातमोजे आणि पायाखाली विद्युतरोधक फळी एवढ्यानेही हा धोका पुष्कळ कमी होतो. दिवसाला २,५०० टन गाळप क्षमतेच्या कारखान्यात मिल सहा तास बंद राहिली, तर गव्हाणीत न पोचलेला सहाशे टनांहून अधिक ऊस गाडीतळावर वाळत पडतो आणि त्याचा उतारा घसरतो. बॉयलर पेटवून गव्हाणीत मोळी टाकण्याच्या समारंभाला मान्यवर उपस्थित असतात. तो हंगाम शेवटपर्यंत चालू ठेवणाऱ्या या माणसाच्या हाती मात्र त्याने काय साधले आहे हे सांगणारा एकही कागद नसतो.

याच कारखान्याच्या आवारात यापेक्षा वेगळी व्यवस्था गेली कित्येक दशके नांदते आहे. भारतीय बॉयलर विनियम, १९५० (इंग्रजी आद्याक्षरांनी आयबीआर) यांनुसार बाष्पकाच्या दाबाखालील भागांवर वेल्डिंग करणारा कारागीर परीक्षा देऊन प्रमाणित झालेला असावा लागतो, त्याच्या नमुन्याच्या सांध्यांच्या चाचण्या होतात आणि कामाची नोंद राहते. म्हणूनच साखर कारखान्यात आयबीआर वेल्डरला वेगळा मान आणि वेगळा दर मिळतो. बॉयलर हाऊसपासून थोड्याच अंतरावर असलेल्या मिल हाऊसमध्ये कित्येक टनांचा शाफ्ट भरणाऱ्या कारागिरासाठी अशी कोणतीही परीक्षा नाही. बाष्पक फुटले तर माणसे मरतात म्हणून तेथे कायदा आला, हे योग्यच आहे. पण फिरता शाफ्ट किंवा वेगाने फिरणारा हातोडा तुटला तरी माणसे मरू शकतात, आणि प्रमाणित कारागीर, लेखी कार्यपद्धती व नोंद ही व्यवस्था मराठी मुलखातील कारखान्यांना पेलते हे आयबीआरने सिद्ध करून दाखवले आहे. भराव व हार्डफेसिंगच्या कार्यपद्धतीची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ १५६१४ या मानकाचा सातवा भाग उपलब्ध आहे, आणि कार्बन पोलादाच्या लेपयुक्त रॉडसाठी भारतीय मानक ८१४ आहे. म्हणजे नियम नव्याने रचण्याचीही गरज नाही.

हे ज्ञान नसल्याचे नुकसान दोन टोकांना होते. एका टोकाला अंदाजाने केलेली दुरुस्ती असते, जी तुटते आणि वेल्डिंगलाच बदनाम करते. दुसऱ्या टोकाला दुरुस्तीवरचा विश्वास उडालेला व्यवस्थापक असतो, जो वाचवता येण्यासारखा शाफ्ट भंगारात काढून नव्याची वाट पाहतो. तो भंगारातला शाफ्ट जालन्याच्या भट्टीत जाऊन सळई होतो, आणि ज्या क्रोमियम-मॉलिब्डेनमसाठी मूळ पोलादाला जास्त पैसे मोजले होते, ते सळईत विरघळून कोणाच्याही उपयोगी न पडता संपते. जगात एक टन पोलाद तयार करताना सरासरी सुमारे १.९ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या तुलनेत काही किलो रॉड आणि काही तासांची वीज वापरून तोच भाग पुन्हा कामाला लावणे हा पर्यावरणाच्या दृष्टीनेही सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

कारागिराच्या देहावर होणाऱ्या परिणामांचा विचारही या मागणीत अंतर्भूत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराचा समावेश मानवात निश्चितपणे कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला, आणि हार्डफेसिंगच्या धुरात क्रोमियम व मँगनीज यांचे प्रमाण साध्या वेल्डिंगपेक्षा अधिक असू शकते. बंद शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून हे काम करणाऱ्या माणसाला धूर ओढून घेणारा पाइप, योग्य श्वसन-मुखवटा आणि नियमित आरोग्य-तपासणी मिळायची असेल, तर आधी तो नेमके कोणते काम करतो याची सरकारदरबारी नोंद व्हावी लागते. ज्या व्यवसायाला नाव नाही, त्याच्या आजारालाही नाव मिळत नाही.

वेल्डर या व्यवसायाच्या सध्याच्या अभ्यासक्रमात बिडाचे वेल्डिंग आणि हार्डफेसिंग यांची तोंडओळख आहे, आणि ती ठेवणाऱ्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु एमएस प्लेटवर एक सराव करून ईएन-१९ चा शाफ्ट किंवा मँगनीज पोलादाची प्लेट हाती घेण्याची तयारी होत नाही. छत्रपती संभाजीनगरमध्ये शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. चिकलठाण्याला केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची इंडो-जर्मन टूल रूम आहे, जेथे डाय-पोलादे, त्यांची उष्णता-प्रक्रिया आणि काठिण्य-मापन हे रोजचे काम आहे. १९६० पासूनचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. वाळूजला मराठवाडा ऑटो क्लस्टर आहे. आणि चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अ‍ॅग्रिकल्चर व मसिआ या उद्योजकांच्या संघटना आहेत. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ पासून कार्यरत असलेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटकडे मिलच्या रोलरचा अनुभव आहे. या संस्थांना एका कामासाठी एकत्र बसवणे हे आपल्या विभागाच्या अधिकारात आहे.

म्हणून विभागाने पुढील पाच गोष्टी हाती घ्याव्यात, अशी विनंती आहे. पहिली, वेल्डर व्यवसाय पूर्ण केलेल्यांसाठी छत्रपती संभाजीनगर येथे दुरुस्ती-वेल्डिंगचा सहा महिन्यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू करावा, आणि त्यात पोलाद ओळखणे, कार्बन-तुल्यांक, प्रीहीटिंग, बफर व हार्डफेसिंग, बिडाची दुरुस्ती, तडे शोधणे आणि कोठे वेल्डिंग करू नये याचा निर्णय, हे विषय प्रत्यक्ष झिजलेल्या भागांवर शिकवावेत. दुसरी, या अभ्यासक्रमाचे वेळापत्रक गळीत हंगामाला जुळवून घ्यावे, म्हणजे हंगाम संपल्यावर दसरा-दिवाळीपर्यंत चालणाऱ्या देखभालीच्या काळात विद्यार्थी शिकाऊ उमेदवार म्हणून साखर कारखान्यांत काम करतील आणि कारखान्यांनाही प्रशिक्षित हात मिळतील. तिसरी, जे कारागीर वीस-वीस वर्षे हे काम करीत आहेत, त्यांच्या पूर्वज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र द्यावे, आणि त्यांच्यातील निवडक जणांना या अभ्यासक्रमात निदेशक म्हणून सन्मानाने नेमावे, कारण फिरत्या रोलरवर थेंब कसा बसवावा हे पुस्तकातून शिकवता येणार नाही. चौथी, पोलादाचे घटक जागेवर सांगणारे हातातील विश्लेषक यंत्र, काठिण्यमापक आणि रॉड भाजण्याची भट्टी असलेले एक सामाईक केंद्र उभारावे, जेथे लहान दुकानदारही माफक शुल्कात आपला भाग तपासून नेऊ शकेल. पाचवी, दुरुस्त केलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाबरोबर मूळ पोलाद, वापरलेला रॉड, तापमान आणि तपासणी यांची एक पानी नोंद देण्याचा प्रघात पाडावा, आणि त्यासाठी लागणारी मार्गदर्शक पुस्तिका सोप्या मराठीत प्रसिद्ध करावी.

दुरुस्त केलेल्या भागापेक्षा नवा भाग नेहमीच भरवशाचा, असा आक्षेप या मागणीवर घेतला जाऊ शकतो. काही भागांबाबत तो खरा आहे, आणि असे भाग कोणते हे वर सांगितलेच आहे. परंतु झीज ज्या जागी होते नेमक्या त्या जागी, त्या झिजेला साजेसा धातू देण्याची सोय दुरुस्तीतच असते. नव्या चाकूची धार साध्या पोलादाची असू शकते, भरलेल्या चाकूची धार कार्बाइडची असते. योग्य रीतीने केलेली दुरुस्ती ही त्या अर्थाने नव्याची लाचार पर्यायी सोय नसून यंत्रात केलेली सुधारणा असते, आणि ती योग्य रीतीने होण्याची एकमेव हमी म्हणजे शिकलेला, तपासलेला आणि मान्यता मिळालेला कारागीर.

ऑरिकसारख्या नव्या औद्योगिक नगरीत येणारे कारखाने आपली यंत्रे नवी कोरी आणतील, परंतु ती यंत्रेही पाच-दहा वर्षांत झिजू लागतील, आणि त्या वेळी त्यांना लागणारा कारागीर आजच शिकू लागला पाहिजे. येत्या गळीत हंगामानंतरच्या देखभालीच्या काळात पहिली तुकडी सुरू व्हावी, एवढ्या मुदतीत विभागाने निर्णय घ्यावा आणि तो उद्योजक-संघटना, साखर कारखाने व कारागीर यांच्या संयुक्त बैठकीत जाहीर करावा, ही आग्रहाची विनंती आहे.

कळावे,

छत्रपती संभाजीनगर येथील एक नागरिक